मोटारीच्या रंगाची जाडी

दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण जुनी आहे. पण जुन्या मोटारींच्या बाजारांत ती जितकी खरी ठरते तितकी अन्यत्र क्वचितच ठरत असेल. सहासात वर्षें रस्त्यावर धांवलेली एखादी मोटार धुऊनपुसून, पॉलिश करून उन्हांत उभी केली, कीं तिच्या अंगावरील चकाकी पाहून घेणाऱ्याचें मन तेथेंच विरघळतें. दरवाजे उघडून पाहिले जातात, आसनांवर बसून पाहिलें जातें, इंजिनाचा आवाज ऐकला जातो. आणि वर्षानुवर्षें सांठविलेले चारपांच लाख रुपये दुसऱ्याच्या हातीं जातात. त्या चकाकीच्या खालीं मूळचा पत्रा आहे, कीं ठोकूनठाकून सरळ केलेला आणि पुट्टीनें भरलेला पत्रा आहे, हें डोळ्यांना दिसत नाहीं. डोळ्यांची ही उणीव भरून काढणारें एक लहानसें यंत्र अलीकडे मोटारींची पारख करणाऱ्यांच्या खिशांत दिसूं लागलें आहे. तें म्हणजे रंगाची जाडी मोजण्याचें यंत्र, अर्थात् जाडीमापक. तळहातांत मावणारें हें यंत्र पत्र्याला टेकवितांच क्षणार्धांत एक आंकडा दाखवितें. तो आंकडा कसा निघतो, त्यावरून काय समजतें, आणि काय समजत नाहीं, याचा थोडा विचार केल्यास मोटार घेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि असलेली मोटार जपूं पाहणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

हें यंत्र येण्यापूर्वींही पारखी लोक होतेच. बोटाच्या पेरानें पत्रा ठोकून पाहावयाचा. मूळ पत्रा असेल तर आवाज खणखणीत येतो, पुट्टी असेल तर बद्द येतो. लहानसें लोहचुंबक मऊ कापडांत गुंडाळून पत्र्यावर ठेवावयाचें. पुट्टीचा थर जाड असेल तेथें तें चिकटत नाहीं. गाडीच्या एका कोंपऱ्यापाशीं वांकून बाजूनें नजर टाकावयाची. दुरुस्त केलेल्या जागीं समोरच्या इमारतीचें प्रतिबिंब लाटेसारखें हललेलें दिसतें. या युक्त्या आजही टाकाऊ झालेल्या नाहींत. परंतु त्यांत एक अडचण आहे. एकाचा कान बद्द म्हणतो तेथें दुसऱ्याचा कान खणखणीत म्हणतो, आणि सौदा करतांना कानाची साक्ष कोणी मानीत नाहीं. यंत्रानें कान आणि नजर यांच्या जागीं आंकडा आणून ठेवला.

रंगाची जाडी मोजण्याआधीं रंग म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. मोटारीवर रंगाचा एकच थर असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. मोटारींच्या प्रारंभींच्या काळांत घोडागाडीप्रमाणेंच मोटारीलाही ब्रशानें रंग व व्हार्निश देत, आणि एकेक थर वाळण्याची वाट पाहतां पाहतां एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंत ‘ओकलंड’ मोटारींवर ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा फवाऱ्यानें मारावयाचा, झटपट वाळणारा रंग आला आणि रंगकामाचा वेळ एकदम घटला. १९६० नंतरच्या दशकांत फोर्ड कंपनीनें गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साह्यानें पहिला थर चढविण्याची पद्धति प्रचारांत आणली. आणि १९८० नंतरच्या दशकांत रंगाच्या वर आणखी एक पारदर्शक थर देण्याची चाल रूढ होत गेली.

त्यामुळें आजच्या मोटारीवर साधारणतः चार थर असतात. अगदीं खालचा, पत्र्याला चिकटलेला थर गंजापासून रक्षण करतो. तो हौदांत विजेनें चढविलेला असून सुमारें २० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावर प्रायमर, ३० ते ४० मायक्रॉन. त्यावर खरा रंग, म्हणजे लाल, निळा, रुपेरी, जो असेल तो. हा मात्र आश्चर्य वाटेल इतका पातळ, बहुधा १० ते २० मायक्रॉनच असतो. आणि सर्वांत वर तो पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लियर कोट म्हणतात. त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चारही थरांची बेरीज बहुतेक गाड्यांवर ९० ते १४० मायक्रॉनांच्या आसपास येते. लिहिण्याच्या साध्या कागदाची जाडी सुमारें १०० मायक्रॉन असते. म्हणजे ऊन, पाऊस, धूळ आणि गंज यांपासून मोटारीला वांचविणारें जें कवच, तें एका कागदाएवढें आहे; आणि ज्या चकाकीला घेणारा भुलतो ती त्या कागदाच्या निम्म्याहूनही पातळ अशा पारदर्शक थरांत सामावलेली आहे.

इतकी सूक्ष्म जाडी रंगाला ओरखडाही न काढतां कशी मोजतां येते? त्याचें मूळ विद्युत् आणि चुंबक यांच्या संबंधांत आहे. बदलतें चुंबकक्षेत्र शेजारच्या तारेंत वीज उत्पन्न करतें, हा शोध मायकेल फॅरेडे यानें १८३१ सालीं लावला. जाडीमापकाच्या टोंकाशीं मऊ लोखंडाचा एक लहानसा गाभा असून त्याभोंवतीं तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला, कीं गाभ्याभोंवतीं चुंबकक्षेत्र निर्माण होतें आणि त्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. आतां हें टोंक पोलादी पत्र्याजवळ नेलें, कीं चुंबकरेषांना त्या पोलादांतून सोपी वाट मिळते आणि दुसऱ्या वेटोळ्यांतील विजेचा दाब वाढतो. पत्रा जितका जवळ तितका हा दाब अधिक; मध्यें रंग जितका जाड तितका पत्रा दूर, आणि तितका दाब कमी. हा कमीअधिकपणा मायक्रॉनांत रूपांतरित करून यंत्र कांचेच्या लहानशा पट्टीवर आंकडा उमटवितें.

परंतु मोटारीचा प्रत्येक भाग पोलादाचाच असतो असें नाहीं. १९९४ सालीं आलेल्या ऑडी कंपनीच्या ‘ए-८’ या मोटारीचें सारें अंगच अॅल्युमिनियमचें होतें, आणि आज अनेक गाड्यांचें निदान बॉनेट तरी वजन वांचविण्यासाठीं त्या धातूचें करतात. अॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाहीं. तेथें दुसरें तत्त्व कामीं येतें. लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८५५ सालीं असें दिसून आलें, कीं चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें तांब्याची चकती फिरविली तर ती फिरविण्यास जड जाते व तापते. कारण तिच्या अंगांत पाण्यांतील भोंवऱ्यासारखे वीजप्रवाह उत्पन्न होतात. जाडीमापक जेव्हां फार जलद दिशा बदलणारा वीजप्रवाह वेटोळ्यांतून सोडतें, तेव्हां जवळच्या अॅल्युमिनियममध्यें असेच भोंवरे उठतात आणि ते मूळ क्षेत्राला उलट विरोध करतात. विरोध किती होतो यावरून धातु किती दूर आहे तें ठरतें. चांगल्या यंत्रांत दोन्ही व्यवस्था असतात आणि पत्रा कोणत्या धातूचा आहे हें ओळखून यंत्र आपोआप योग्य ती व्यवस्था वापरतें.

या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे आणि या विषयाची किल्ली तिच्यांतच आहे. हें यंत्र रंग पाहत नाहीं. त्याला रंगाचें ज्ञानच नाहीं. आपल्या टोंकापासून धातु किती अंतरावर आहे, एवढेंच तें मोजतें. मधल्या जागेंत उत्तम रंग आहे, पुट्टी आहे, प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे कीं वाळलेला चिखल आहे, हें त्याला कळत नाहीं. तें सगळें त्याच्या हिशेबीं जाडीच. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवलें, तर या यंत्राचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा दोन्ही आपोआप उलगडतात.

मोजणी सुरू करण्यापूर्वीं यंत्राची शून्यरेषा तपासावी लागते. यंत्राबरोबर कोऱ्या पोलादाची व कोऱ्या अॅल्युमिनियमची अशा दोन चकत्या आणि ठराविक जाडीचे प्लॅस्टिकचे पापुद्रे मिळतात. कोऱ्या चकतीवर शून्य आलें पाहिजे. पापुद्रा ठेवल्यावर त्यावर छापलेला आंकडा आला पाहिजे. मग मोजावयाची जागा स्वच्छ पुसून यंत्राचें टोंक पत्र्याला काटकोनांत टेकवावें. तें तिरपें झालें कीं आंकडा वाढतो. पत्र्याच्या अगदीं कडेला, फार गोल वळणावर किंवा उठावदार घडीवर मोजूं नये, कारण तेथें चुंबकरेषांची वाटच बदलते. एका भागावर एकच मोजणी करून कधींही निर्णय देऊं नये. मध्यभागीं आणि चारही बाजूंस मिळून निदान पांच ठिकाणीं मोजावें. उत्तम यंत्र दोनतीन टक्क्यांच्या आंत बरोबर असतें, स्वस्त यंत्राचा भरंवसा त्याहून कमी. म्हणून ११० आणि ११४ यांतील फरकावर तर्क लढविण्यांत अर्थ नाहीं. ११० आणि २५० यांतील फरकावर आहे.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, ठाण्याचें एक कुटुंब आपली पहिली मोटार घेण्यास निघालें आहे. पत्नीच्या प्राथमिक शाळेंतील पगारांतून आणि पतीच्या बोनसांतून रक्कम जमली आहे. सहा वर्षांची रुपेरी गाडी सर्वांना आवडली आहे. मुलांनीं मागच्या आसनावरील आपआपल्या जागाही ठरवून टाकल्या आहेत. सोबत आणलेला ओळखीचा मेकॅनिक मात्र गप्प राहून यंत्र फिरवितो. बॉनेटवर १०८, ११२, ११०. छतावर १०२, १०५. उजव्या बाजूचे दोन्ही दरवाजे १११ ते ११६. डावा पुढचा दरवाजा सर्वत्र २४० ते २५५. आणि डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर १९०, २१०, मग एकदम ९५०.

हे आंकडे वाचण्याची रीत अशी. बॉनेट, छत आणि उजवी बाजू यांचे आंकडे एकमेकांशीं जुळतात. तो या गाडीचा मूळ रंग होय, आणि तोच पुढील तुलनेचा पाया. डाव्या दरवाजावर आंकडा सगळीकडे सारखा, पण दुपटीहून अधिक आहे. म्हणजे मूळ रंगावरच पुन्हा रंग मारला आहे, बहुधा ओरखडा झांकण्यासाठीं. चाकाच्या वरचा ९५० चा आंकडा मात्र रंगाचा नव्हे. रंगाचे थर कितीही दिले तरी जवळजवळ एक मिलिमीटरची जाडी सहसा होत नाहीं; तेथें पत्रा आंत गेला असून त्याचा खळगा पुट्टीनें भरला आहे. बहुतेक गाड्यांसाठीं स्थूलमानानें असें म्हणतां येईल, कीं ८० ते १५० हा कारखान्यांतील रंग, २०० ते ३५० हा पुन्हा दिलेला रंग, आणि ५०० च्या पुढें गेल्यास पुट्टीचा दाट संशय. पण कारखान्याकारखान्यांत, एकाच कारखान्याच्या दोन रंगांतही फरक असतो. म्हणून बाहेरच्या कोष्टकापेक्षां त्याच गाडीचा एक भाग दुसऱ्याशीं ताडून पाहणें अधिक विश्वासार्ह. सबंध गाडीच पुन्हा रंगविली असेल तर सगळे आंकडे सारखेच वाढलेले येतील आणि तुलना फसेल. अशा वेळीं दरवाजा उघडून आंतल्या चौकटीवर मोजावें. तेथें कारखान्याचा रंग बाहेरच्यापेक्षां पातळच असतो, आणि पुन्हा रंगविणारा तेथपर्यंत बहुधा पोंचत नाहीं.

मग त्या कुटुंबानें गाडी सोडून द्यावी काय? येथें घाई करूं नये. चाकावरची पुट्टी ही दिसण्याची बाब आहे. गल्लींतील खांबाला घांसलेल्या गाडीवरही ती सांपडते. तिच्यामुळें किंमत कमी व्हावी, एवढेंच. मेकॅनिकचें खरें लक्ष दुसरीकडे असलें पाहिजे. छताला आधार देणारे जे खांब पुढच्या कांचेच्या दोन्ही बाजूंस आणि दोन दरवाजांच्या मध्यें असतात, ते मोटारीच्या सांगाड्याचा कणा होत. अपघातांत आंत बसलेल्यांचा जीव वांचतो तो या खांबांच्या बळावर. त्यांवर पुट्टी सांपडली, किंवा रंगाचा आंकडा दोनचारशेंवर गेला, तर आघात सांगाड्यापर्यंत पोंचला होता कीं काय, पत्रा कापून पुन्हा जोडला आहे कीं काय, हें जाणत्या माणसाकडून गाडी वर उचलून तपासून घेतल्याशिवाय एक पैसाही देऊं नये. दरवाजा बदलतां येतो. खांब एकदां दुबळा झाला, कीं तो दुबळेपणा पुढच्या अपघातापर्यंत कोणाला दिसत नाहीं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मुंबईंत पावसाळ्यांत उभ्या गाडीवर झाडाची फांदी पडणें ही नवलाची गोष्ट नाहीं. अशा गाडीचें छत दुरुस्त करून रंगविलेलें असतें, आणि यंत्र तेथें ३०० दाखवितें. गाडी मात्र कधीं कोणाला धडकलेली नसते. कांहीं हौशी मालक नव्या गाडीवर संरक्षक पारदर्शक पापुद्रा चढवून घेतात; त्याचीच जाडी १५० ते २०० मायक्रॉन असते. यंत्राला तो रंगच वाटतो, आणि खालचा रंग अस्पर्श असूनही आंकडा तीनशेंच्या घरांत जातो. कारखान्यांतच रंगांत दोष राहिल्यामुळें एखादा भाग पुन्हा फवारलेला असतो, तोही आंकडा वाढवितो. यंत्राचा आंकडा दाखवून प्रामाणिक विकणाऱ्याला लबाड ठरविणें, हा त्या यंत्राचा दुरुपयोग आहे. आंकडा वाढलेला दिसला कीं प्रश्न विचारावा. दुरुस्तीचें बिल, विम्याच्या दाव्याची नोंद, पापुद्रा चढविल्याची पावती दाखविण्यास सांगावें. ज्याच्याजवळ सरळ उत्तर असतें तो तें न चिडतां देतो.

आंकडा योग्य आला म्हणून गाडी निर्दोष, असेंही नाहीं. दरवाजा पार चुरडल्यामुळें नवा कोरा दरवाजा बसवून कुशल कारागिरानें रंगविला असेल, तर आंकडा १४० च्या आसपासही येऊं शकतो. अशा ठिकाणीं बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत काय, दोन भागांमधली फट दोन्ही बाजूंस सारखी आहे काय, हें पाहावें लागतें. बंपर प्लॅस्टिकचे असतात. तेथें धातूच नसल्यामुळें हें यंत्र कांहींच सांगत नाहीं. प्लॅस्टिकवरील रंगासाठीं ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून जाडी ठरविणारीं निराळीं यंत्रें आहेत, पण तीं महाग असून सामान्य पारख्याजवळ सहसा नसतात. आणि पाण्यांत बुडालेल्या गाडीबद्दल तर जाडीमापक अगदींच मुकें आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशा गाडीचा रंग जसाच्या तसा राहतो, म्हणून सर्वत्र ११० हा निर्मळ आंकडा येतो. बिघाड असतो तो तारांत, गाद्यांत आणि यंत्रांत. तेथें आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय, गालिच्याखालीं कुबट वास येतो काय, आसनाखालचे स्क्रू गंजले आहेत काय, हेंच पाहिलें पाहिजे.

येथपर्यंत जाडी वाढल्याचा विचार झाला. कमी झालेली जाडीही तितकीच बोलकी असते, आणि तिचा संबंध गाडी विकत घेण्यापेक्षां ती सांभाळण्याशीं अधिक आहे. शहरांतील वसाहतींतून रोज पहाटे गाड्या पुसणारा माणूस येतो. एकच बादली, एकच फडकें आणि दहाबारा गाड्या. फडक्यांत अडकलेले धुळीचे कण क्लियर कोटवर बारीक वर्तुळाकार रेघा ओढतात. उन्हांत गाडी उभी केली कीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या दिसूं लागतात. मालकाला वाईट वाटतें आणि तो गाडी पॉलिश करण्यास देतो. पॉलिश केल्यावर रेघा जातात हें खरें. पण त्या भरून येत नाहींत. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लियर कोट घांसून काढलेला असतो, म्हणून रेघ नाहींशी होते. दर वेळीं एकदोन मायक्रॉन, जोरानें घांसल्यास त्याहून अधिक थर कायमचा जातो.

क्लियर कोटमध्यें सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. खालच्या रंगाचें संरक्षण तींच करतात. म्हणून या थरांतून गाडीच्या सबंध आयुष्यांत सातआठ मायक्रॉनांपेक्षां अधिक काढूं नये, असें जाणते कारागीर मानतात. त्याहून अधिक गेला तर लगेच कांहीं दिसत नाहीं. दोनतीन उन्हाळे उलटतात, मग बॉनेटवर आणि छतावर पांढुरके डाग उठतात, थर सोलूं लागतो, आणि त्यावर पुन्हा रंगविण्याखेरीज उपाय राहत नाहीं. पॉलिश करणाऱ्यानें काम हातीं घेण्यापूर्वीं सर्व भाग मोजून लिहून ठेवावे ते यासाठींच. इतर भाग ११० असतां एखादा भाग ७५ दाखवीत असेल, तर तेथें पूर्वीं कोणीतरी भरपूर घांसलें आहे. त्या जागीं रेघा राहूं द्याव्या, यंत्र लावूं नये. उंचवट्यांच्या कडांवर थर मुळांतच पातळ असतो, तेथें तर हात जपूनच चालवावा. नखाचें टोंक ज्या ओरखड्यांत अडकतें तो बहुधा पॉलिश करून जाण्यापलीकडे खोल असतो. तो घालविण्याचा हट्ट धरूं नये.

येथेंही यंत्राची मूळ मर्यादा आडवी येते. तें चारही थरांची बेरीज सांगतें. त्यांतील क्लियर कोट किती उरला, हें सांगत नाहीं. दोन गाड्या ११० दाखवितील; एकीवर क्लियर कोट ५० असेल, दुसरीवर ३५. पुन्हा रंगविलेल्या दरवाजावर २५० येतात म्हणून तेथें बिनधास्त घांसावें, असें कोणी समजेल तर तो फसेल. कारण त्या २५० मध्यें बराचसा भाग जुना रंग आणि प्रायमर असूं शकतो आणि वरचा पारदर्शक थर हलक्या प्रतीचा असूं शकतो. काम चालू असतां किती थर गेला हें पाहावयाचें तर चिकटपट्टीनें एक जागा आंखून घ्यावी, तेथेंच आधीं व नंतर पांचसात वेळां मोजून सरासरी काढावी, म्हणजे यंत्राची लहानसहान चूक बरीच पुसली जाते.

सामान्य गृहस्थानें यांतून काय घ्यावें? जाडीमापक प्रत्येक घरांत असण्याची गरज नाहीं. जुनी गाडी घेतांना मात्र तें वापरणारा जाणता माणूस सोबत न्यावा, आणि त्यानें केवळ आंकडे न दाखवितां त्यांचा अर्थ समजावून सांगावा, असा आग्रह धरावा. दिवसाच्या उजेडांत, धुतलेली आणि वाळलेली गाडी पाहावी. सर्व भागांचे आंकडे कागदावर गाडीचें चित्र काढून त्या त्या जागीं लिहावे. मग कोणता भाग इतरांशीं जुळत नाहीं हें डोळ्यांसमोर उभें राहतें. दरवाजांचे आंकडे किंमत ठरविण्यासाठीं, आणि खांबांचे आंकडे गाडी घ्यावी कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं, असा भेद मनांत ठेवावा. घरच्या गाडीबद्दल म्हणावयाचें तर कोरड्या फडक्यानें धूळ पुसण्याची चाल बंद करावी. आधीं पाण्याच्या धारेनें धूळ वाहून जाऊं द्यावी, साबणाच्या पाण्यासाठीं एक व फडकें खळबळण्यासाठीं दुसरी अशा दोन बादल्या ठेवाव्या, आणि गाडी शक्य तों सावलींत उभी करावी. एवढी काळजी घेतली तर पॉलिशची पाळी वर्षानुवर्षें येत नाहीं, आणि कागदाएवढें तें कवच गाडीला शेवटपर्यंत पुरतें.

ठाण्याच्या त्या कुटुंबाच्या गाडीचे खांब १०५ आणि १०९ आले, असें समजूं. चाकावरची पुट्टी दाखवून त्यांनीं किंमत कमी करून मागितली, विकणाऱ्यानें रिक्षाचा धक्का लागल्याचें सांगून दुरुस्तीचें बिल काढून दाखविलें, आणि सौदा ठरला. गाडी नवी नव्हती आणि निर्दोषही नव्हती. पण तिच्या अंगावर कोठें काय झालें आहे हें आतां घेणाऱ्यालाही विकणाऱ्याइतकेंच ठाऊक होतें, आणि मुलें ज्या आसनावर बसणार होतीं त्याच्या भोंवतींचा सांगाडा, यंत्राला जेवढें सांगतां येतें तेवढ्यापुरता तरी, शाबूत होता.